नॉर्दर्न लाइट्सचे फोटो काढायचेत? ट्रोम्सो-अबिस्कोला निघण्याआधी सगळे विचारतात ते प्रश्न

दोन वेळा जाऊन आलोय, एकदा फेब्रुवारीत घरच्यांना घेऊन नॉर्वेतल्या ट्रोम्सोला आणि नंतर मार्चमध्ये ट्रोम्सो करून स्वीडनमधल्या अबिस्कोला. तेव्हापासून ओळखीतलं कुणीही निघालं की फोन येतो आणि प्रश्न जवळपास तेच असतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. इथलं सगळं नॉर्वे-स्वीडनच्या उत्तर टोकाबद्दल आहे. कॅमेऱ्याचा भाग आइसलंड किंवा फिनलंडला जाणाऱ्यांनाही चालेल.

हा उजेड नेमका असतो कशाचा? फोटो काढायला हे माहीत असायची गरज आहे का?

आहे, कारण रंग आणि वेग कळला की शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते आपोआप कळतं. सूर्याकडून सतत विद्युतभारित कण येत असतात, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्यांना अडवतं पण त्यांची ऊर्जा साठत जाते, आणि मग इलेक्ट्रॉन्स ध्रुवाजवळच्या वातावरणात जोरात खाली येऊन ऑक्सिजन-नायट्रोजनला धडकतात. साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा उजेड देतो, त्याच्या वर २०० किलोमीटरच्या पुढे तोच ऑक्सिजन लाल उजेड देतो, आणि पडद्यासारख्या लोंबणाऱ्या या उजेडाच्या खालच्या काठाला कधी गुलाबी-जांभळी किनार दिसते ती नायट्रोजनची. हिरवा उजेड अणूतून सेकंदाच्या आत बाहेर पडतो, लाल पडायला जवळपास दोन मिनिटं लागतात. म्हणून हिरवा भाग नाचतो आणि लाल भाग वर नुसता पसरल्यासारखा राहतो. फोटोतही तेच येतं, हिरवा भाग लगेच पुसट होतो, लाल होत नाही.

सूर्याचा आणि या उजेडाचा संबंध प्रयोगातून दाखवणारे क्रिस्टियान बिर्कलँड हे नॉर्वेचेच शास्त्रज्ञ. काचेच्या पेटीत छोटी चुंबकीय पृथ्वी ठेवून त्यांनी अरोरा (नॉर्दर्न लाइट्सचंच शास्त्रीय नाव) करून दाखवला होता. आणि अरोराचा पहिला फोटो १८९२ मध्ये ट्रोम्सोच्या पूर्वेला आल्टाजवळ मार्टिन ब्रेंडेल यांनी काढला, त्या काळच्या काचेच्या प्लेटवर! मला हे वाचल्यापासून आपल्या हातातल्या कॅमेऱ्याबद्दल फारच कृतज्ञता वाटते.

कुठल्या महिन्यात जावं?

सप्टेंबर ते मार्च-अखेर. उन्हाळ्यात तिकडे सूर्यच मावळत नाही, मे ते जुलै मध्यरात्रीही ऊन असतं, त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत नॉर्वेला जाऊन अरोरा बघू असा बेत करणाऱ्यांनी तो आत्ताच सोडा. शाळेच्या सुट्टीचा प्रश्न असेल तर दिवाळीची सुट्टी बरी पडते.

माझी पसंती मार्चला आहे. सप्टेंबर आणि मार्च या दोन्ही महिन्यांच्या आसपास, दिवस-रात्र सारखी होते त्या सुमारास, चुंबकीय हालचाल जास्त असते हे बऱ्याच वर्षांच्या नोंदींतून दिसलंय. मार्चमध्ये जमिनीवर बर्फ असतो त्यामुळे समोरचा भाग काळाठिक्कर येत नाही, आणि दिवसाही उजेड असतो म्हणून दुपारी जागा बघून ठेवता येते. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत ट्रोम्सोत सूर्य उगवतच नाही. त्याचं वेगळं सौंदर्य आहे, दुपारी दोन-तीन तास सगळं निळं निळं दिसतं, पण लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर तो सततचा अंधार जड जातो.

सोलर मॅक्सिमम (सूर्य सगळ्यात जास्त खवळलेला असतो तो काळ) संपलं म्हणतात, आता उशीर झाला का?

नाही. सध्याचं २५ वं सौरचक्र जास्तीत जास्त टप्प्यात पोचल्याचं नासा आणि नोआ या अमेरिकी संस्थांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं, पण त्यानंतर सूर्य काही लगेच शांत होत नाही, उतरत्या वर्षांतही चांगली वादळं येतात. आणि ट्रोम्सो तर अरोराच्या पट्ट्याच्या बरोबर खाली आहे, जवळपास ७० अंश उत्तरेला. तिथे शांत वर्षातही आकाश मोकळं असलं की काहीतरी दिसतंच.

केपी किती पाहिजे? ॲपमध्ये २ दाखवतंय, म्हणजे वाया गेलं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि याच्यामुळे लोक हॉटेलात झोपून राहतात, जे बघून मला खरंच वाईट वाटतं. केपी हा ० ते ९ असा आकडा आहे, तीन-तीन तासांचा, आणि तो अख्ख्या पृथ्वीचा सरासरी अंदाज आहे. तुमच्या डोक्यावर आत्ता काय चाललंय ते त्यात कळत नाही. केपी वाढला की अरोराचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो, त्यामुळे लंडन किंवा बर्लिनवाल्यांना त्याचं महत्त्व आहे. ट्रोम्सोला केपी १-२ ला मी आयुष्यातला सर्वात सुंदर अरोरा पाहिलाय.

आकडेच बघायचे असतील तर बीझेड बघा. सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर जे चुंबकीय क्षेत्र येतं त्याची दिशा दक्षिणेकडे असली, म्हणजे बीझेड उणे असला, की सूर्याकडची ऊर्जा आत यायला दार उघडं. हे मोजणारी यानं पृथ्वीपासून साधारण १५ लाख किलोमीटर सूर्याच्या बाजूला आहेत, त्यामुळे आपल्याला अर्धा ते एक तास आधी कळतं. उणे ५ च्या खाली जाऊन टिकून राहिलं की जॅकेट घाला आणि बाहेर या.

पण खरं सांगू का, सगळ्यात महत्त्वाचं ॲप हवामानाचं आहे. ढग असतील तर केपी ९ सुद्धा कामाचा नाही.

मग ढगांचं काय करायचं?

रात्री जास्त ठेवायच्या. दोन रात्रींसाठी इतक्या लांब जाऊ नका, किमान पाच ठेवा. ट्रोम्सो समुद्राकाठी आहे, उबदार प्रवाहामुळे थंडी बेताची, हिवाळ्यात बऱ्याचदा उणे ४-५ च्या आसपास, पण त्याच समुद्रामुळे ढगही खूप. चांगले गाइड संध्याकाळी नॉर्वेच्या हवामान खात्याचा ढगांचा नकाशा बघून ठरवतात कुठे जायचं ते, आणि गरज पडली तर दीड-दोन तास गाडी चालवून स्किबोटनच्या खोऱ्यात किंवा पार फिनलंडच्या हद्दीत किल्पिसयार्वीकडे नेतात. तिथे डोंगरांआड आकाश मोकळं मिळतं पण थंडी एकदम उणे २०-२५ वर जाते, म्हणून शहरात घातलेल्या कपड्यांवर तसंच निघू नका.

दुसरा उपाय अबिस्को. ट्रोम्सोहून बसनं नार्विक, साधारण चार तास, आणि तिथून रेल्वेनं पुढे दीड तास. अबिस्कोच्या पश्चिमेचे डोंगर समुद्राकडून आलेला ओलावा अडवतात, आपल्याकडे सह्याद्री पाऊस अडवतो आणि पलीकडे माणदेश कोरडा राहतो ना, अगदी तस्संच. वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटर पाऊस-बर्फ. टोर्नेट्रेस्क तलावावर ढगांमध्ये जो मोकळा तुकडा राहतो त्याला तिकडे निळं भोक म्हणतात. माझ्या तीन रात्रींपैकी दोन तिथे स्वच्छ मिळाल्या, ट्रोम्सोत पाचपैकी दोन. गाव एवढंसं आहे, दिवसा करण्यासारखं फार नाही. पण फोटोसाठीच जात असाल तर अबिस्को सोडू नका.

टूर घ्यावी की स्वतः गाडी चालवावी?

टूर. आपल्याला बर्फाळ रस्त्यावर रात्री गाडी चालवायची सवय नाही, त्यात नजर वर आकाशात, आणि रस्त्याच्या कडेला कुठेही गाडी थांबवणं हे तिथल्या लोकांसाठीही धोक्याचं होतं. छोटी गाडी, आठ-दहा लोक, फोटोग्राफीची माहिती असणारा गाइड अशी टूर बघा. मोठ्या बसच्या टूरमध्ये चाळीस लोक एकदम उतरतात आणि चाळीस मोबाइलचे टॉर्च लागतात.

ट्रोम्सो शहरातूनही दिसतं बरं का. प्रेस्तव्हाने तलाव आणि शहर ज्या बेटावर आहे त्याच्या दक्षिण टोकाचा तेलेग्राफबुक्ताचा किनारा चालत किंवा सिटी बसनं जाण्यासारखे आहेत. फ्येलहाइसेनच्या केबल कारनं वर ४०० मीटरवर गेलात तर खाली अख्खं शहर आणि पूल, फोटो छान येतो पण वारा भयंकर. आणि एर्सफ्योर्डबोटन, शहरापासून साधारण वीस किलोमीटर, दोन्ही बाजूंना टोकदार डोंगर आणि मध्ये फ्योर्डचं, म्हणजे आत शिरलेल्या अरुंद खाडीचं पाणी, माझ्या घरी भिंतीवर लावलेला फोटो तिथलाच आहे.

मोबाइलनं येतो का फोटो?

येतो, गेल्या चार-पाच वर्षांतल्या बऱ्याच फोननी येतो. नाइट मोड लावा, फोन ट्रायपॉडवर ठेवा (हातात धरून नाही), टायमर ३ सेकंद. फोन स्थिर आहे हे कळलं की आयफोन एक्सपोजर ३० सेकंदांपर्यंत वाढवायला देतो, पण अरोरा जोरात हलत असेल तर इतका वेळ नको, ३ ते ५ सेकंद पुष्कळ. अँड्रॉइडवर प्रो मोड असेल तर रॉ (फोटोची कच्ची, न दाबलेली फाइल) चालू करा. फ्लॅश बंद, हे सगळ्यात आधी. फोन गारठला की चार्ज असूनही अचानक बंद पडतो, म्हणून दोन फोटोंच्या मध्ये आतल्या खिशात ठेवायचा.

कॅमेरा आहे. कुठली लेन्स न्यावी?

वाइड आणि उघडी. फुलफ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) १४ ते २४ मिलिमीटर, एफ २.८ किंवा त्याहून कमी आकड्याची, आकडा कमी तितकी लेन्स जास्त उघडते. किट लेन्सचं एफ ३.५ चालतं, पण आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) वाढवावा लागतो आणि दाणे दिसतात. विकत घेण्यापेक्षा मुंबई-पुण्यात आठवडाभर भाड्यानं मिळतात त्या बघा. आणि ट्रायपॉडवर कंजूषी करू नका, वाऱ्यात हलणारा हलका ट्रायपॉड नसलेलाच बरा.

सेटिंग सांगा ना एकच, तेच लावून ठेवतो.

एकच सेटिंग नाही हो चालत, कारण अरोरा रात्रभर एकसारखा नसतो. त्याचा एक क्रम असतो, तो ओळखायला शिका.

आधी उत्तरेला किंवा डोक्यावरून पूर्व-पश्चिम एक शांत फिकट कमान येते, डोळ्याला ढगासारखी वाटते. तेव्हा मॅन्युअल मोडवर, लेन्स पूर्ण उघडी, आयएसओ १६०० ते ३२००, शटर ८-१० सेकंद. मग कमानीचा खालचा काठ उजळायला लागतो, तिला घड्या पडतात. इथे सावध व्हा, शटर ४-५ सेकंदांवर आणा. आणि मग एकदम फुटतं, सगळं आकाश हलायला लागतं, डोक्यावर मुकुटासारखे किरण, गुलाबी किनार, लोक ओरडायला लागतात. तेव्हा शटर १ ते २ सेकंद, आयएसओ ३२०० किंवा गरजेप्रमाणे ६४००. शटर जुनंच १० सेकंदांवर राहिलं तर घड्या-बिड्या काही येत नाहीत, नुसता हिरवा रंग सांडल्यासारखा फोटो येतो. हा भाग कधी पाच मिनिटं चालतो, कधी दोनच. त्यानंतर आकाशभर ठिपके-पट्टे उघडझाप करत राहतात, बरेच लोक तेव्हा संपलं म्हणून गाडीत बसतात, पण तास-दोन तासांत पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतं.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, ३५०० ते ४००० केल्विनला पक्का करा. फॉरमॅट रॉ. लेन्सचं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद. दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट.

फोकस कसा करायचा अंधारात?

इथे मी थांबून सविस्तर सांगणार आहे, कारण माझी पहिली अख्खी रात्र याच्यात गेली. एर्सफ्योर्डबोटनला फोकस नीट केला होता, मग बॅगेतून कॅमेरा काढता-घालताना रिंग जराशी फिरली, आणि मी पुन्हा तपासलं नाही. मागच्या छोट्या स्क्रीनवर सगळं छान दिसत होतं. हॉटेलवर येऊन लॅपटॉपवर उघडलं तर दोनशेच्या वर फोटो, एकाही फोटोत तारा टोकदार नाही. ती रात्र परत मिळत नाही, म्हणून सांगतोय.

तर असं करा. ऑटोफोकस बंद. लेन्सवरची अनंताची खूण जिथे असते तिथे रिंग लावून विसरू नका, बहुतेक लेन्सचा खरा अनंत त्या खुणेच्या थोडा अलीकडे असतो. लाइव्ह व्ह्यू चालू करा, आकाशातला सगळ्यात ठळक तारा किंवा गुरू शोधा, स्क्रीनवर दहा पट मोठा करा आणि रिंग हळूहळू फिरवत तो ठिपका लहानात लहान करा. मग फोकस रिंगवर चिकटपट्टी लावा. कागदाची पट्टी गारठ्यात सुटते, कापडी घ्या. आणि दर अर्ध्या तासानं एक फोटो मोठा करून तारे बघा, कारण तापमान उतरलं की फोकस थोडा सरकतो.

हे तिकडे जाऊन शिकायचं काम नाही. जायच्या आधी एक अमावस्येची रात्र भंडारदऱ्याला किंवा राजमाचीला काढा, तेही नाही जमलं तर गच्चीवरून एखादा तारा पकडा. जाड हातमोजे घालून, टॉर्च न लावता. कुठलं बटण कुठे ते बोटांना कळलं पाहिजे, कारण उणे १५ मध्ये मेनू शोधत बसायला बोटं साथ देत नाहीत. मी दुसऱ्या ट्रिपच्या आधी महिनाभर रात्री खोलीतला दिवा बंद करून शटर-आयएसओ बदलायचा सराव केला, आणि दोन ट्रिपमधला खरा फरक तोच होता.

फोटोच्या मध्यभागी गोल गोल वलयं आली, लेन्स खराब आहे का?

नाही, यूव्ही फिल्टर काढा. अरोराचा हिरवा उजेड जवळपास एकाच तरंगलांबीचा असतो, ५५७.७ नॅनोमीटर, आणि फिल्टरच्या सपाट काचेत तो आतल्या आत परावर्तित होऊन वलयं पडतात. नंतर एडिटिंगमध्ये ती निघत नाहीत. कॅमेरा दुकानदार आग्रहानं फिल्टर लावून देतात, तिकडे पोचल्यावर पहिलं काम तो काढून डबीत ठेवायचं.

बॅटरी खरंच इतक्या लवकर संपते?

हो. घरी चारशे फोटो देणारी बॅटरी तिकडे कधी निम्म्यातच बसते. किमान तीन न्या, दोन कायम शर्टाच्या आतल्या खिशात. "संपलेली" बॅटरी अंगाशी ऊब दिली की थोडी परत जिवंत होते. विमानात सुट्ट्या बॅटरी आणि पॉवर बँक हँडबॅगेतच न्यायच्या, चेक-इनमध्ये चालत नाहीत.

लेन्सवर बाष्प आलं तर?

बाहेर असताना लेन्सवर तोंडानं फुंकर मारायची नाही, लगेच गोठतं. लेन्सला खालून हँड वॉर्मरची पुडी मोज्यानं किंवा रबरबँडनं बांधून ठेवली की दव धरत नाही. आणि उबदार खोलीत शिरण्याआधी, बाहेरच, कॅमेरा झिपच्या प्लास्टिक पिशवीत बंद करा. आत गेल्यावर बाष्प पिशवीवर जमतं, कॅमेऱ्यावर नाही. दोन तास तसाच राहू द्या. फोटो बघायची घाई असेल तर कार्ड बाहेरच काढून घ्या.

कपडे?

सुती बनियन, सुती मोजे अजिबात नको, घाम धरून ठेवतात. आत लोकर, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारं. चालताना थंडी वाजत नाही, ट्रायपॉडमागे तीन तास उभं राहिल्यावर वाजते आणि ती पायाकडून चढते. बूट एक नंबर मोठे, बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना ओढून बसवायचे खिळे मिळतात ते पहिल्याच दिवशी घ्या. हातमोजे दोन थरांचे, आतला पातळ ज्यानं बटणं दाबता येतात. बऱ्याच टूर अंगभर सूट आणि बूट देतात, बुक करताना विचारा. खिशात शेंगदाण्याचे लाडू ठेवा. चिक्की नको, थंडीत दगड होते.

पौर्णिमा टाळावी का?

मुळीच नाही. चंद्र असला की डोंगर, बर्फ, पाणी उजळून निघतं आणि फोटोला जमीन मिळते. फक्त फिका अरोरा चंद्रप्रकाशात दबतो. मला अष्टमीच्या आसपासचा अर्धा चंद्र सगळ्यात आवडतो. ऐन हिवाळ्यात पौर्णिमेचा चंद्र तिकडे काही दिवस मावळतच नाही, तेवढं लक्षात ठेवून तारखा घ्या.

डोळ्यांना खरंच हिरवं दिसतं की फक्त कॅमेऱ्यात?

फिका असला की करडा-पांढरट दिसतो, कारण अंधारात आपल्या डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही. जोरात आला की हिरवा स्पष्ट दिसतो आणि काठाचा गुलाबीही. शंका आली तर तीन सेकंदांचा एक फोटो काढून बघा, हिरवा आला तर अरोरा, पांढरा-नारिंगी आला तर ढग. पांढरा टॉर्च मात्र लावू नका, डोळ्यांना पुन्हा अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं जातात, तुमच्या आणि शेजारच्याच्याही. लाल उजेडाचा हेडलॅम्प घ्या, कॅमेऱ्याच्या स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करा. चकचकीत स्क्रीनवर काळपट फोटोही उजळ वाटतो, म्हणून भरवसा हिस्टोग्रामवर (कॅमेऱ्यातला उजेड-अंधाराचा आलेख) ठेवा.

एडिटिंग किती करावं?

कमी. सॅच्युरेशन वाढवून विषारी हिरवा करू नका, बघणाऱ्याला तिथे जाऊन निराशा येते.

भारतातून दिसत नाही का?

१० मे २०२४ च्या रात्री, २००३ नंतरचं पहिलं जी-५ दर्जाचं, म्हणजे सगळ्यात तीव्र चुंबकीय वादळ आलं तेव्हा लडाखमधल्या हानलेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावर लाल अरोरा टिपला. लालच का, तर इतक्या दुरून पडद्याचा फक्त वरचा भाग क्षितिजावर येतो. पण असं क्वचित होतं. महाराष्ट्रातून दिसेल या आशेवर थांबू नका.

आई-बाबांना नेता येईल का?

आम्ही नेलं होतं, आई तेव्हा ६८ ची. जवळ गाडी असेल आणि मधूनमधून आत बसता येईल अशी टूर घ्या, घडीची खुर्ची, थर्मासमध्ये आल्याचा चहा. गोठलेल्या तळ्यावर गाइडनं सांगितल्याशिवाय पाऊल ठेवू देऊ नका.

आणि त्यांचा फोटो नक्की काढा. माणूस उभा करायचा तर शटर दोन-अडीच सेकंदांच्या वर नको, त्याहून जास्त वेळ कुणीच स्थिर राहत नाही. पाय थोडे फाकवून उभं करा, श्वास रोखायला सांगा, आणि शटर उघडं असताना बाजूनं मोबाइलची स्क्रीन, टॉर्च नाही, चेहऱ्यावर अर्धा सेकंद धरा. आईला मी असंच सांगितलं होतं, हलू नकोस म्हणून. पहिल्या दोन फोटोंत ती सरळ कॅमेऱ्याकडे बघतेय. तिसऱ्यात आकाश फुटलं आणि तिनं मान वर करून हात जोडले, हात थोडे हललेले आलेत, तारे टोकदार आहेत.